कर्माची गणती

एखाद्या देशातील किती माणसे शेतीत, किती कारखान्यांत आणि किती सेवाव्यवसायांत गुंतलेली आहेत, हा प्रश्न वरकरणी निव्वळ मोजदादीचा वाटतो. परंतु मोजदाद सुरू होण्यापूर्वीच काम कशाला म्हणायचे, ते करणारा कोण आणि त्याचे फळ कोणाच्या नावे धरायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे गृहीत धरली गेलेली असतात. ही उत्तरे आकड्यांतून निघत नाहीत, उलट आकडेच त्यांतून निघतात. भारतीय परंपरेत या तिन्ही प्रश्नांचा ऊहापोह ‘कर्म’ या एका शब्दाभोवती दोन हजार वर्षांहून अधिक काळ झालेला आहे, आणि तरीही देशाच्या श्रमशक्तीची चर्चा करताना तो ऊहापोह क्वचितच कोणाला आठवतो; अर्थशास्त्राची पुस्तके एका कपाटात आणि गीतेवरील टीका दुसऱ्या कपाटात, अशी सोयीस्कर वाटणी होऊन बसली आहे.

अर्थव्यवहाराचे प्राथमिक, द्वितीयक आणि तृतीयक असे तीन भाग पाडण्याची आज रूढ असलेली पद्धत ॲलन फिशर (१९३५) आणि कॉलिन क्लार्क (१९४०) यांच्या लेखनातून स्थिरावली. शेती, पशुपालन, मासेमारी यांसारखे जे निसर्गातून थेट काढले जाते ते प्राथमिक. कच्च्या मालाला आकार देऊन वस्तू घडवली जाते ते द्वितीयक. आणि वाहतूक, व्यापार, शिक्षण, वैद्यक, कारकुनी यांसारखे, ज्यातून हाती धरण्याजोगी वस्तू निघत नाही, ते तृतीयक. देश संपन्न होत जातो तसतशी माणसे पहिल्या क्षेत्रातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात सरकतात, हा या मांडणीचा गाभा आहे. भारताच्या बाबतीत तो पूर्णपणे लागू पडलेला नाही. २०२३-२४ च्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणानुसार देशातील ४६ टक्के श्रमिक अजून शेती व तिच्याशी संलग्न व्यवसायांत आहेत, आणि राष्ट्रीय मूल्यवर्धनातील त्या क्षेत्राचा वाटा मात्र १८ टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे शंभरांतील शेचाळीस माणसे शंभरांतील अठरा रुपयांवर भागवतात आणि उरलेली चौपन्न माणसे ब्याऐंशी रुपयांवर. माणशी हिशेब केला तर हे अंतर जवळजवळ चौपटीचे भरते. २०१८-१९ मध्ये शेतीतील श्रमिकांचे प्रमाण ४२.५ टक्क्यांपर्यंत उतरले होते, ते पुढच्याच वर्षी पुन्हा ४५ टक्क्यांच्या वर गेले. शहरातील काम तुटले की माणूस गावी परततो आणि जमीन त्याला पोटात घेते. आकडेवारीच्या भाषेत ही ‘रोजगारवाढ’ ठरते.

क्षेत्रांची वाटणी भारताला नवी नाही. कौटिल्याने विद्यांचे आन्वीक्षिकी, त्रयी, वार्ता आणि दंडनीती असे चार विभाग केले आणि वार्तेखाली कृषी, पशुपालन व वाणिज्य यांचा समावेश केला. वार्ता म्हणजे उपजीविकेची विद्या. या यादीत कारागिरी नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. सुतारकी, लोहारकी, विणकाम, नटांचे व गायकांचे काम हे सारे अर्थशास्त्रात शूद्राच्या स्वधर्मात आढळते. म्हणजे शेती आणि व्यापार यांचे वर्गीकरण कामाच्या स्वरूपावरून झाले, आणि वस्तू घडवण्याचे वर्गीकरण मात्र ती घडवणाऱ्या माणसाच्या जन्मावरून झाले. ज्याला आज द्वितीयक क्षेत्र म्हणतात ते तेथे क्षेत्र म्हणून उभेच राहत नाही, ते वर्णाच्या पोटात नाहीसे होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्थेवर घेतलेला मुख्य आक्षेप हाच होता, की तिने श्रमांची विभागणी करून न थांबता श्रमिकांचीच विभागणी केली आणि तीही उतरंडीने केली. या आक्षेपाला तात्त्विक वजन आहे ते यामुळे, की कर्माचा विचार करणाऱ्या परंपरेने कर्ता आणि कर्म यांत जो भेद तत्त्वतः मान्य केला होता, तो व्यवहारात तिने स्वतःच पुसून टाकला.

कोणते काम खरे आणि कोणते निष्फळ, याविषयीचा वाद पश्चिमेतही जुना आहे. फ्रान्समधील केने याने अठराव्या शतकाच्या मध्यावर केवळ जमीन कसणाऱ्यांना उत्पादक मानले आणि कारागीर व व्यापारी यांना ‘वांझ’ वर्गात टाकले. ॲडम स्मिथने १७७६ मध्ये कारागिरांना उत्पादकांत आणले, पण घरगड्यांबरोबर पाद्री, वकील, वैद्य, नट आणि गवई यांना अनुत्पादकच ठरवले, कारण त्यांचे काम घडताक्षणीच विरून जाते. हाच पूर्वग्रह वसाहतीच्या कारभारातून भारतात उतरला. १९११ च्या जनगणनेत व्यवसायांची जी वर्गवारी वापरली गेली तिच्यात ‘धर्म’ या गटाखाली पुरोहित, मंदिरांतील व स्मशानातील सेवेकरी, यात्रेकरूंना हिंडवणारे आणि धार्मिक भिक्षेकरी यांना जागा होती. ‘अनुत्पादक’ या वर्गाखाली कैद्यांबरोबर साधे भिकारी, भटके, वेश्या, चोरीचा माल घेणारे आणि गुरांना विष घालणारे यांची एकत्र नोंद होत असे. एकाच दारात उभ्या राहिलेल्या दोघांपैकी भगव्या कफनीतील गोसावी व्यावसायिक ठरे आणि फाटक्या धोतरातील भिकारी गुरांना विष घालणाऱ्याच्या पंक्तीला बसे. दोघांच्या झोळीत पडणारे पीठ एकाच डब्यातले असे. आजच्या सर्वेक्षणांतही भीक मागणाऱ्यांसाठी श्रमशक्तीबाहेरचा ‘इतर’ हा रकाना आहेच, फक्त त्यातून गुरे गेली आहेत.

भिक्षा मागणारा काम करतो काय, हा प्रश्न सुत्तनिपातातील कसिभारद्वाज सुत्तात समोरासमोर विचारला गेला आहे, आणि त्याचे उत्तर जनगणनेच्या कोणत्याही नियमावलीपेक्षा अधिक विचार करायला लावणारे आहे. मगधातील एकनाळा गावी पेरणीच्या दिवसांत पाचशे नांगर जुंपलेले असताना, मजुरांना अन्न वाटले जाते तेथे बुद्ध भिक्षापात्र घेऊन उभे राहतात. शेतमालक ब्राह्मण त्यांना सुनावतो की आपण नांगरतो, पेरतो आणि मग खातो, तेव्हा श्रमणानेही तसेच करावे. आपणही नांगरतो व पेरतो, असे बुद्ध उत्तर देतात, आणि श्रद्धा, तप, प्रज्ञा यांना बी, पाऊस व नांगर कल्पून आपल्या शेतीचे वर्णन करतात. येथवरचा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. प्रसन्न झालेला ब्राह्मण मोठ्या थाळ्यात खीर वाढून पुढे करतो तेव्हा बुद्ध ती नाकारतात, कारण गाथा म्हणून मिळवलेले अन्न त्यांना चालत नाही. याकडे मात्र सहसा दुर्लक्ष होते. उपदेश हे काम आहे, हे त्यांनी मान्य केले, पण ते मोलाचे काम आहे, हे मान्य केले नाही. भिक्षा घेतली तर ती उपदेशाच्या आधीची, अनपेक्षित असली पाहिजे. उपदेशानंतर आली की ती मजुरी झाली. श्रम आणि मोबदला यांच्यातील गाठ सोडवण्याचा याहून काटेकोर प्रयत्न प्राचीन वाङ्मयात सापडणे कठीण आहे.

आधुनिक गणनेत ही गाठ निराळ्या रीतीने सोडवली जाते, आणि ती सोडवण्याची जागा माजघर आहे. जनगणनेच्या व्याख्येनुसार मोबदला मिळो वा न मिळो, आर्थिकदृष्ट्या उत्पादक अशा कोणत्याही कृतीत भाग घेणे म्हणजे काम. वर्षातून सहा महिने किंवा अधिक काळ ते करणारा मुख्य कामकरी आणि त्याहून कमी काळ करणारा सीमांतिक कामकरी. केवळ घरच्या वापरासाठी केलेली शेती आणि घरापुरते काढलेले दूध हेही या व्याख्येत काम ठरते. म्हणजे पहाटे उठून म्हशीची धार काढणारी बाई ती चरवी चुलीजवळ आणीपर्यंत कामकरी असते. दूध चुलीवर चढले, उतू जाऊ नये म्हणून ती तेथे उभी राहिली, मुलांना वाटून देऊन तिने भांडे घासले, की ती कामकरी राहत नाही. राष्ट्रीय हिशेबाच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत वस्तू आणि सेवा यांच्यात जी रेघ ओढली आहे ती या घरात गोठा आणि चूल यांच्यामधून जाते. श्रमशक्ती सर्वेक्षणात अशा स्त्रियांसाठी दोन संकेतांक आहेत. केवळ घरकाम करणारीला ९२. घरकामाबरोबरच सरपण, चारा, पाणी आणणारी, घरच्यांसाठी शिवणटिपण करणारी असेल तर तिला ९३. दोन्ही संकेतांक श्रमशक्तीबाहेरचे. २०१९ च्या समय-वापर सर्वेक्षणात घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि ती कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे, असे आढळले. जवळजवळ पाच तासांचा हा रोजचा व्यवहार क्षेत्रांच्या तक्त्यात कोठेच उमटत नाही.

उलट दिशेनेही हीच रेघ आकडे हलवते. पंधरा वर्षांवरील स्त्रियांचे श्रमशक्तीतील प्रमाण २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के नोंदले गेले होते, ते २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्के झाले. एवढ्या अल्पावधीत एवढी वाढ झाली याचे कौतुक करताना हेही पाहावे लागते, की काम करणाऱ्या स्त्रियांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जणी घरच्या शेतीत वा व्यवसायात बिनपगारी मदतनीस आहेत. त्यांपैकी कितीजणींचे काम खरोखर बदलले आणि कितीजणींना विचारलेला प्रश्न तेवढा बदलला, हे एकट्या आकड्यावरून ठरत नाही.

काम ओळखण्याची सर्वांत चतुर कसोटी मार्गारेट रीड या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ स्त्रीने १९३४ साली सुचवली. जी कृती मोबदला देऊन तिऱ्हाइताकडून करवून घेता येते ती काम, असा तिचा आशय. स्वयंपाक तिऱ्हाईत करू शकतो, म्हणून तो काम आहे. जेवण तिऱ्हाईत करू शकत नाही, म्हणून ते काम नव्हे. या कसोटीने घरकामाला न्याय मिळतो. पण भारतीय धर्मजीवनाला ती लावली तर गमतीची अडचण उभी राहते, कारण येथे पूजा, जप आणि अनुष्ठानही तिऱ्हाइताकडून करवून घेता येते. यजमानाने संकल्प सोडायचा, गुरुजींनी अकरा दिवस आवर्तने करायची आणि पुण्य यजमानाच्या खात्यावर जमा व्हायचे, यात कोणालाच वावगे वाटत नाही.

हा व्यवहार नुसती लोकरूढी नसून त्यामागे पूर्वमीमांसेचा, म्हणजे वेदवाक्यांच्या आधारे कर्तव्य ठरवणाऱ्या दर्शनाचा, काटेकोर युक्तिवाद आहे. यज्ञ अनेक ऋत्विज मिळून करतात, पण स्वर्गादी फळ यजमानाला मिळते. मग कर्ता कोण? जैमिनीच्या सूत्रांवरील चर्चेत याचे उत्तर असे दिले जाते की शास्त्राने सांगितलेले फळ प्रयोग करवणाऱ्याचे, आणि ऋत्विजांना दिलेली दक्षिणा हा ‘परिक्रय’, म्हणजे ठरावीक कामापुरते त्यांचे श्रम विकत घेण्याचा व्यवहार होय. दक्षिणा दान नव्हे, ती मजुरी आहे, असे इतक्या स्पष्टपणे म्हणणारे हे दर्शन पुरोहितवर्गाच्या पोटातूनच निघावे, ही त्याच्या प्रामाणिकपणाची खूण मानली पाहिजे. मीमांसकांनी याला अपवादही सांगितला आहे. ‘सत्र’ नावाच्या दीर्घ यज्ञात किमान सतरा जण एकत्र येतात, ते सर्वच ऋत्विज आणि सर्वच यजमान असतात, त्यात दक्षिणा नसते आणि फळ प्रत्येकाला मिळते. परिक्रय आणि सत्र, म्हणजे मजुरी आणि सहकार, हे श्रमाचे दोन मूळ आकार येथे तत्त्व म्हणून स्वच्छ वेगळे केलेले दिसतात.

महाराष्ट्रातील साखर कारखानदारीकडे या दृष्टीने पाहिले तर तिचे नैतिक स्वरूप उलगडते. १९५० च्या सुमारास विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी कारखाना हे ऊस पिकवणाऱ्यांचे सत्र होते; सभासद हाच उत्पादक, तोच मालक आणि फळाचा वाटेकरीही तोच. पण त्या सत्राला ऊस तोडून आणून देणारा हात सत्रात नव्हता. बीडसारख्या कोरडवाहू भागातून दिवाळीच्या आगेमागे निघणाऱ्या ऊसतोड टोळ्यांचा व्यवहार मुकादमामार्फत, आगाऊ दिलेल्या ‘उचली’वर चालतो, आणि त्यात मोजणीचे एकक माणूस नसून ‘कोयता’ असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. फडात पुरुष ऊस तोडतो, बाई पाचट काढते, मोळी बांधते, ती डोक्यावरून गाडीपर्यंत वाहते. त्याआधी कोपीत, म्हणजे टोळीच्या तात्पुरत्या झोपडीत, भाकऱ्या थापून झालेल्या असतात आणि पाण्याच्या घागरीही भरून झालेल्या असतात. उचल बहुधा पुरुषाच्या हाती पडते. आजारपणाने वा बाळंतपणाने एकाचा खाडा झाला तरी दंड जोडीला बसतो. शासकीय गणनेत ही जोडी दोन शेतमजूर म्हणून मोजली जाईल. मुकादमाच्या वहीत ती एक आहे. आणि कोपीतल्या चुलीपुरती ती शून्य आहे. एकाच बाईच्या एका दिवसाची ही तीन उत्तरे असून त्यांतले चूक कोणतेच नाही, कारण प्रत्येकाचा प्रश्न निराळा आहे.

गावगाड्याच्या जुन्या व्यवस्थेत मोजणी खळ्यावर होत असे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ या ग्रंथात तिचे जे चित्र काढले त्यात बलुतेदार हे गावाचे वतनदार श्रमिक असून, पीक निघाले की कुणब्याच्या राशीतून त्यांचा वाटा म्हणजे बलुते मिळे. बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी असत, आणि ज्याचे काम कुणब्याच्या शेतीला जितके अधिक लागे तितका तो वरच्या ओळीत बसे. अनेक याद्यांत सुतार-लोहार थोरल्या ओळीत आणि जोशी, गुरव, मुलाणी ही देवाधर्माची मंडळी धाकट्या ओळीत आढळतात. धर्मशास्त्राची उतरंड खळ्यावर अशी उलटी होई, निदान धान्याच्या पायल्यांपुरती. यावरून गावगाड्याचे गोडवे गाण्याचे मात्र कारण नाही, कारण त्याच थोरल्या ओळीत धरल्या जाणाऱ्या महाराला ते धान्य दुरूनच पदरात घ्यावे लागे आणि वतनाच्या नावाखाली रात्रंदिवस राबावे लागे. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाविरुद्ध विधेयक मांडले ते वाटा कमी मिळतो एवढ्यासाठी नव्हे. वतन हे श्रम नाकारण्याचा अधिकारच हिरावून घेते, यासाठी.

‘गावगाडा’ निघाला त्याच वर्षी लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ प्रसिद्ध झाले आणि गांधीजींनी कोचरब येथे आश्रम स्थापन केला, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. एकाच वर्षी मराठी वाचकासमोर गावाच्या श्रमव्यवस्थेचा लेखाजोखा आला, संन्यासापेक्षा कर्मयोग श्रेष्ठ ठरवणारे शास्त्र आले, आणि शेजारच्या गुजरातेत प्रत्येकाने अंगमेहनत केलीच पाहिजे असे मानणारा समाज उभा राहू लागला. टिळकांचे प्रतिपादन असे की गीतेचा निष्कर्ष कर्म सोडण्याचा नसून फळाची आसक्ती सोडून लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी टिकावी यासाठी, कर्म करीत राहण्याचा आहे. ज्ञानेश्वरांनीही १२९० मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या टीकेत प्रत्येकाचे विहित कर्म हीच ईश्वराची पूजा ठरवली होती. या विचाराने महाराष्ट्राला संन्यासाच्या ओढीपासून वाचवले आणि काम करणाऱ्याला प्रतिष्ठा दिली, हे नाकारता येत नाही. अडचण फळाच्या ठिकाणी आहे.

फळाचा त्याग करता येण्यासाठी फळ आधी आपले असावे लागते. ज्याचे स्वामित्व नाही त्याचा त्याग संभवत नाही. धर्मशास्त्रातील दानाच्या विचारातही दुसऱ्याची वस्तू दान देता येत नाही, हे पहिले सूत्र आहे. गीतेतील उपदेश ज्याला केला तो राज्याचा दावेदार होता. विजयाचे फळ त्याचे होते, म्हणून त्याविषयी अनासक्त राहा, असे त्याला सांगण्यात अर्थ होता. तोच उपदेश ज्याच्या श्रमाचे फळ संध्याकाळी दुसराच घेऊन जातो त्याला केला, तर तो अध्यात्म राहत नाही, वसुलीची सोय होतो. निष्काम कर्म ही कल्पना सदोष नाही; ती लागू होण्याची पूर्वअट मात्र शतकानुशतके तपासली गेली नाही, आणि ज्यांच्या बाबतीत ती पुरी होत नव्हती अशांनाच, म्हणजे स्त्रियांना आणि सेवा करणाऱ्या जातींना, तिचे आदर्श म्हणून पुढे करण्यात आले. आई काही मागत नाही, म्हणून ती थोर, असे म्हणणाऱ्यांपैकी किती जणांनी तिला कधी विचारले असेल, हा प्रश्न येथे अप्रस्तुत नाही.

वारकरी परंपरेतील कथा या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारख्या आहेत. अरणच्या सावता माळ्याचा मळा त्याचा स्वतःचा होता; म्हणून मळ्यातच पंढरी आहे असे मानून पंढरीला न जाणे, हे त्याच्या बाबतीत स्वातंत्र्य ठरते. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्याची गोष्ट तशी नाही. परंपरेनुसार १३३८ मध्ये गावकुसाचे बांधकाम चालू असताना भिंत कोसळली आणि वेठीला धरलेल्या इतर मजुरांबरोबर तोही तिच्याखाली गेला. नामदेवांनी त्याच्या अस्थी विठ्ठलनामाच्या ध्वनीवरून ओळखल्या, असे सांगतात. ज्या गावाच्या वेशीआत राहण्याचा अधिकार नाही त्या गावाची वेस बांधताना आलेल्या मरणाला निष्काम कर्माची परिसीमा म्हणणे कोणाला शक्य होईल? नामदेवांच्या घरी दासी असलेल्या जनाबाईच्या कथांमध्ये तर विठ्ठल स्वतः दळायला बसतो, शेण्या वेचतो, पाणी भरतो. रीडबाईंच्या कसोटीला लागणारा तिऱ्हाईत येथे प्रत्यक्ष देवाच्या रूपाने हजर होतो. मोबदला न घेणारा असला तरी तो दळण हे काम आहे याची साक्ष देतो, आणि नामदेवाच्या घरच्या कोणाही माणसाने जे केले नाही ते तो करतो, म्हणजे जात्याचा दुसरा हात धरतो.

मंगळवेढ्याशीच संबंध असलेल्या बसवेश्वरांनी बाराव्या शतकात कल्याणनगरीत ‘कायक’ आणि ‘दासोह’ यांची जी जोडी मांडली तिच्यात फळाचा प्रश्न अधिक सरळ हाताळलेला आहे. कायक म्हणजे स्वतःच्या देहाने केलेले प्रामाणिक काम, ते गुरूलाही चुकत नाही. दासोह म्हणजे त्यातून आलेले समाजाला वाटणे. आधी कमाई स्वतःची, मग वाटप, हा क्रम त्यात मोडत नाही. सांडलेले तांदूळ वेचणाऱ्या मारय्या आणि लक्कम्मा या दांपत्याची कथा लिंगायत परंपरेत प्रसिद्ध आहे. एके दिवशी मारय्याने नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले तेव्हा लक्कम्माने ते परत नेऊन टाकायला लावले. येथे त्याग आहे, पण तो कोणी शिकवलेला नाही. निवडलेल्या दाण्यांवर आपला हक्क कोठवर पोहोचतो, हे त्या बाईने स्वतः ठरवले आणि त्यापुढचे तिने नाकारले. घराच्या कमाईची मोजदाद करण्याचा अधिकार या कथेत तिच्याकडे आहे, हे कथेचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य.

गांधीजींचा शरीरश्रमाचा सिद्धांत, जो त्यांनी टॉलस्टॉय व रस्किन यांच्यापासून घेऊन १९३० मध्ये येरवड्याहून आश्रमवासीयांना लिहिलेल्या पत्रांत विशद केला, कायकाच्या बराच जवळ येतो. प्रत्येकाने निदान आपल्या भाकरीपुरते तरी हातांनी कष्टावे, ही त्याची मागणी. विनोबांनी ती पवनारला आणि सुरगावच्या भंगीकामात शब्दशः अमलात आणली. तरीही या सिद्धांतात एक उणीव राहिली. भाकरीपुरते श्रम म्हणताना धान्य पिकवण्याचे श्रम जितके ठळक झाले तितके भाकरी थापण्याचे झाले नाहीत, जरी आश्रमात पुरुषांनाही स्वयंपाकाची पाळी चुकत नसे.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. घरातील सेवेला काम म्हणून मोजायचे, तिला संकेतांक आणि पुढेमागे किंमत द्यायची, तर ममतेचाही बाजार होईल. ज्या कृतींचे मोल त्या मोलाने होत नाहीत यातच आहे, त्या परिक्रयाच्या कोष्टकात बसवल्या जातील, आणि खीर नाकारणाऱ्या बुद्धांनी जे जपले ते गमावले जाईल. आक्षेपात तथ्य आहे, पण त्याने एक गोष्ट नजरेआड होते. बुद्धांनी खीर नाकारली तेव्हा ती त्यांच्यासमोर धरलेली होती. ब्राह्मणाने त्यांचे नांगरणे मान्य केल्यावर त्यांनी मोबदला झिडकारला, मान्यता झिडकारली नाही. मोजणे म्हणजे विकणे नव्हे. कामगार-आकडेवारीच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने २०१३ मध्ये ‘काम’ आणि ‘रोजगार’ हे दोन शब्द वेगळे केले आणि घरच्यांसाठी केलेली सेवाही कामाच्या व्यापक व्याख्येत आणली, ती याच समजुतीवर. त्यानंतर रोजगाराचे आकडे वेगळे ठेवूनही कामाची नोंद घेता येते. भारतातील क्षेत्रवार तक्ते मात्र अजून रोजगाराभोवतीच फिरतात, आणि २०११ च्या जनगणनेत पुरुषांपैकी ५३.३ टक्के व स्त्रियांपैकी २५.५ टक्के कामकरी, असे जे लिहिले गेले ते उरलेल्या पाऊणशे टक्के स्त्रियांविषयी काहीही सांगत नाही.

तेरच्या गोरा कुंभाराची कथा कीर्तनांतून शेकडो वर्षे सांगितली जाते. माती तुडवताना तो नामस्मरणात इतका रंगला की रांगत आलेले स्वतःचे मूल पायांखाली तुडवले गेले, तरी त्याला भान नव्हते. श्रोत्यांचे डोळे भरून येतात ते त्याच्या तल्लीनतेने, आणि पुढे विठ्ठल मूल परत देतो तेव्हा कथा सुफळ होते. गोरा मडकी घडवतो. आजच्या तक्त्यात तो घरगुती उद्योगात, द्वितीयक क्षेत्रात, स्वयंरोजगारी म्हणून नोंदला जाईल. मूल एकटे का होते, याचेही उत्तर कथेत आहे, पण कीर्तनकार ते एका वाक्यात उरकतो. त्याची बायको मुलाकडे लक्ष ठेवायला त्याला सांगून बाहेर गेली होती. ती पाणी आणायला गेली होती, आणि तिचा संकेतांक ९३.